देवसिंगमामा माथ्यावर आले तो दिवस

देवसिंगमामांची नक्कल करायची तर आधी गप्प राहायला शिकावं लागतं. बाकी सगळ्यांची सोपी. आमच्या रविवारच्या डोंगर मंडळातल्या माझ्याशिवायच्या तेराही जणांचे आवाज मला येतात, शिंकांसकट. पण मामांच्या बोलण्यात शब्द कमी आणि मधल्या मोकळ्या जागा जास्त. वन विभागाच्या कचेरीला ते दर दोन तासांनी फोन लावतात, तो असा:

“हालो. देवसिंग बोलतो, चौकीवरून. धूर नाई.” इथं मनात चार मोजायचे. “हवा उत्तरेची.” इथं सहा मोजायचे, कारण फोनवर असूनसुद्धा ते मान वर करून बांबूवरची चिंधी बघतात. “बस.”

हे ‘बस’ मी कॉलेजात इतक्या वेळा करून दाखवलंय की आमच्या वर्गात आता तास संपला की कुणीतरी मागून म्हणतंच, “धूर नाई. बस.” मामांना मी एकदा त्यांच्यासमोरच ते ऐकवलं. त्यांनी ऐकून घेतलं, मिशी चोळली आणि म्हणाले, “छोरी, हवा पाह्यलीच नाई तू. नुसतंच बोलली.” तेव्हापासून मी मान वर करूनच नक्कल करते.

देवसिंग राठोड, वय बासष्ट. दिग्रसपासून तासाभराच्या अंतरावर, डोंगराच्या पायथ्याच्या तांड्यावर घर. फेब्रुवारीच्या मध्यापासून पहिला पाऊस पडेपर्यंत ते वन विभागाचे फायर वॉचर, म्हणजे जंगलात कुठं आग दिसते का हे बघत बसणारा माणूस. डोंगराच्या खालच्या सपाटीवर त्यांची चौकी आहे. चार लाकडी खांब, वर पत्रा, एक खाट, एक माठ, आणि ती चिंधी बांधलेला बांबू. चौकीच्या पुढून जाळरेषा जाते. वणवा पुढं सरकू नये म्हणून गवत-पाला आधीच जाळून काढलेला काळा पट्टा तो. त्याच्या वर सागाचं उघडं जंगल, मग खडक, मग माथा.

माथ्यावर लहाना महादेव आहे. मोठा महादेव लांब, मध्य प्रदेशातल्या डोंगरांत. तिथं ज्यांचं जाणं होत नाही ते आपला नवसाचा त्रिशूळ इथं आणून रोवतात. देऊळ असं नाहीच. एक ओटा, त्यावर पिंड, आणि भोवती त्रिशूळच त्रिशूळ. वीतभर लांबीचे, पुरुषभर उंचीचे, गंजलेले, रंगवलेले, घुंगरं बांधलेले. खालून पाहिलं की डोंगराला दाढीचे खुंट आल्यासारखे दिसतात. आमचं घर बौद्धांचं, तेव्हा त्या महादेवाशी माझी ओळख नाही आणि भांडणही नाही. मी जाते डोंगरासाठी. पण तिथं गेल्यावर त्या लोखंडाच्या दाटीत आवाज आपोआप हळू होतो, एवढं खरं.

आणि या महादेवाची ख्याती अशी, की तो बोलतो. रोज नाही, कुणाही समोर नाही. दहा-पंधरा वर्षांतून कधीतरी त्रिशूळ गुणगुणायला लागतात. ज्यानं ऐकलं त्याचं भाग्य, असं आजूबाजूच्या गावांत सगळे सांगतात. मामा सोडून.

फाल्गुनातल्या डोंगरावर कसं चालायचं हे मी मामांकडून शिकले. माघ सरला, थंडी गेली, आता काय भीती, असं खालच्या माणसाला वाटतं. मामा म्हणतात, हाच डोंगराचा सगळ्यात खोटा महिना. सकाळी सात वाजता नाल्यातून जाताना दात वाजतात. दहा वाजता खडक तापतो. सागाची पानं झडून वाटेवर पसरलेली असतात, पापडासारखी कडक, आणि त्यांवरून पाय असा सुटतो की माणूस बसल्या जागी वीस पावलं खाली. पळस पेटलेला असतो, आणि गावातून आलेली माणसं त्याचे फोटो काढण्यात पाणी संपवून टाकतात. आणि दुपारनंतर हवा फिरली, तर मग मात्र डोंगर कुणाचा नाही.

“उत्तरेची हवा कोरडी,” मामा सांगतात. “ते इमानदार हाय. पुसदकडून ओली हवा आली, अन् आभायात फुलकोबी दिसली, का समजून जा. दुपारी एकच्या आत खाली.”

“आणि फुलकोबी नाही दिसली तर?”

“तरी एकच्या आत खाली.”

वांदरं माथा सोडून दरीत उतरली, की मामा आपला पंचा गळ्यातून काढून कमरेला बांधतात. मुंग्या, माश्या, पाखरं, सगळ्यांवर त्यांची नजर. एकदा मी विचारलं, “मामा, एवढं सगळं कळतं तर लोकांना जाऊ नका असं सरळ सांगत काहून नाही? वेळच फक्त सांगता.”

त्यांनी चार मोजले, सहा मोजले, बरेच मोजले. मग सांगितलं. एवढं सलग बोलताना मी त्यांना तेव्हाच ऐकलं.

लखीराम त्यांचा थोरला भाऊ. गोरबोलीत भावाला भिया म्हणतात. मामा त्याला लखीभियाच म्हणतात. चौतीस वर्षांपूर्वी, अशाच फाल्गुनात, लखीरामला बऱ्याच वर्षांनी मूल झालं म्हणून दोघं भाऊ नवसाचा त्रिशूळ घेऊन माथ्यावर गेले. रोवला. नारळ फोडला. आभाळ भरून आलं होतं, पण पाण्याचा थेंब नव्हता. आणि त्रिशूळ गुणगुणायला लागले. लखीरामनं आपल्या त्रिशुळाला मिठी मारली. भावाला म्हणाला, देवा, ये, हात लाव, बोलून राह्यला.

“माह्या आंगावरचे केस उभे झाले,” मामा म्हणाले. “मले भेव वाटलं. मी पयालो. तिथलोक आलो,” त्यांनी खडकांच्या खालच्या शेवटच्या पळसाकडे बोट दाखवलं, “अन् मांगं उजेड झाला.”

लोक म्हणाले, वीज नव्हती ती, लखीरामला महादेवानं मांडीवर घेतलं. लोक हेही म्हणाले, देवसिंग पळाला, त्याचा विश्वास कमी पडला. त्यानंतर मामा त्या पळसाच्या वर कधी गेले नाहीत. आणि कुणाला “जाऊ नका” म्हणालेही नाहीत, कारण म्हटलं की समोरचा म्हणणार, तू तर पळाला होता. पण पुढच्याच वर्षी आग राखण्याच्या कामाला माणूस हवा होता, तर स्वतः जाऊन त्यांनी हीच चौकी मागून घेतली. तेव्हापासून दर फाल्गुनात ते तिथं बसतात आणि वर जाणाऱ्याला खाली यायची वेळ सांगतात.

आता त्या दिवसाचं सांगते. गेल्या वर्षी, मार्चचा पहिला रविवार.

आमच्या मंडळाचे पुढारी सदाशिवकाका. शेती आहे, कृषी केंद्र आहे, आणि प्रत्येक वाक्याच्या आधी उजव्या हाताचं एक बोट वर. “एक लक्षात घ्या.” पाणी मागायचं असलं तरी, “एक लक्षात घ्या, तहान लागली.” त्यांच्या फोनमध्ये हवामानाची तीन ॲपं आहेत. इंदुकाकू त्यांची बायको. काकूंचा आवाज पातळ, गोड आणि वाकत नाही असा. काका दुकानात सगळ्यांना लक्षात घ्यायला लावतात आणि घरी काकूंचं लक्षात घेतात.

काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. डॉक्टर म्हणाले होते, चालाल, पण डोंगराचं विसरा. काकूंनी नवस बोलला, की गुडघा चालला तर स्वतः पायी त्रिशूळ घेऊन येईन. सव्वा वर्षात गुडघा चालला. त्रिशूळ दिग्रसलाच घडवून घेतला, काकूंच्या खांद्याएवढा, चांगला जड. आणि त्याचा नियम असा, की घरून निघाला की माथ्यावर रोवेपर्यंत तो जमिनीला टेकवायचा नाही. खांदा दमला तर दुसऱ्यानं घ्यावा, तिसऱ्यानं घ्यावा, पण खाली ठेवायचा नाही. ठेवला की नवस मोडला.

पायथ्यापासून चौकीपर्यंत तो त्रिशूळ आमच्या खांद्यांवरून फिरत आला. माझ्याही खांद्यावर आला. मी तो मोठ्या ऐटीत नेला, आणि वळणावर पळसाच्या फांदीत अडकवून सगळ्यांची ओरड खाल्ली.

चौकीवर पोचलो तेव्हा साडेनऊ झाले होते. मामा खाटेवर नव्हते. जाळरेषेच्या काळ्या पट्ट्यात उभे राहून राखेची चिमूट वर टाकत होते. राख आमच्या दिशेनं आली.

“पुसदची हवा हाय,” ते म्हणाले. मग त्रिशूळ बघितला. मग काकूंकडे.

“एक लक्षात घ्या, देवसिंग,” काकांनी फोन पुढं केला. “पावसाची शक्यता शून्य टक्के. तिन्ही ठिकाणी शून्य.”

मामांनी फोनकडे बघितलं, जसं परक्या गावच्या पाहुण्याकडे बघतात, आदरानं आणि लांबूनच.

“साडेबाराले खाली,” ते म्हणाले.

“साडेबारा? अहो, पूजा आहे, प्रसाद आहे.”

“साडेबाराले तुम्ही या इथं माह्या माठातलं पाणी प्यायले पायजे.” एवढं बोलून त्यांनी पंचा गळ्यातून काढला आणि कमरेला बांधला. मी तो पंचा बघितला. बोलायला हवं होतं. पण मी तेव्हा प्रसादाच्या शिऱ्याचा विचार करत होते, हे खरं ते खरं.

वर जाताना सगळंच लांबलं. काकूंचा गुडघा चालत होता, पण आपल्या चालीनं चालत होता. दर वीस पावलांवर काकू थांबायच्या आणि म्हणायच्या, “थांबली नाई मी, पाहून राह्यली.” आणि पाहण्यासारखं होतंही. पानं गळालेल्या जंगलात जिकडे तिकडे पळस लाल, मोहाच्या फांद्यांच्या टोकांना फुलांचे गुच्छ, आणि लांब खाली अरुणावतीच्या धरणाचं पाणी, ताटात ठेवल्यासारखं. ऊन कडक. वारा मंद आणि घामट. एक वानरांचा कळप आमच्या बाजूनंच खाली गेला. आम्ही त्यांचे फोटो काढले. मी त्यांच्यातल्या म्हाताऱ्या हुप्प्याची नक्कल केली. सगळे हसले. कळप एकदाही मागं न बघता दरीत उतरला.

शेवटचा पळस ओलांडून खडकात शिरलो तेव्हा बारा चाळीस. माथ्यावर पोचलो तेव्हा एक वाजून गेला होता. आणि तिथं उभं राहून पुसदच्या बाजूला बघितलं, तर ती फुलकोबी.

मी आयुष्यात ढग पाहिले नव्हते, असं मला तेव्हा वाटलं. जे पाहिले होते ते ढगांचे फोटो होते. हा जमिनीपासून निघाला होता, तळाला शाईसारखा काळा, आणि वरती उकळत होता. खरोखर उकळत होता. एकातून एक गड्डे फुटत होते, पांढरेशुभ्र, उन्हात चमकणारे, आणि त्यांच्याही वर तो पसरून ऐरणीसारखा सपाट झाला होता. एवढं मोठं काहीतरी एवढ्या शांततेत कसं चालू शकतं, हेच मला कळेना. धरणाच्या पाण्यावरचं ऊन विझलं. मग आमच्यावरचं.

“एक लक्षात घ्या,” काका म्हणाले. बोट वर गेलं. पुढचं वाक्य काही आलं नाही.

“मी म्हणते, पाच मिनिटाचं काम हाय,” काकू म्हणाल्या. त्रिशूळ तेव्हा त्यांच्याच खांद्यावर होता. शेवटची चढण त्यांनी कुणालाच दिला नाही. “रोवते अन् निघू.”

वारा पडला. एकदम, पंखा बंद केल्यासारखा. चिमण्या नाहीत, माश्या नाहीत. लांब कुठंतरी आभाळाच्या पोटात गुडगुड झाली. आणि मग ते सुरू झालं.

आधी मला वाटलं, मधमाश्या. नंतर वाटलं, कुणाचा तरी फोन थरथरतोय. मग कळलं की आवाज सगळीकडून येतोय. तीन-चारशे त्रिशूळ गुणगुणत होते. बारीक, एकसुरी, दातांत जाणवणारा आवाज. ओट्याजवळच्या उंच त्रिशुळांच्या टोकांवर, त्या काळ्या आभाळासमोर, निळसर काहीतरी हलत होतं, ज्योतीसारखं आणि ज्योत नसलेलं. माझी वेणी पाठीवरून उचलली गेल्यासारखी वाटली. हातावरचा केस न केस उभा.

आवाज काढणं हा माझा धंदा आहे. हा आवाज मला आजपर्यंत काढता आलेला नाही.

“बोलला!” आमच्यातलं कुणीतरी म्हणालं. आणि सगळेच्या सगळे, बँकेतले साहेब, शाळेतल्या बाई, जिमवाला पोरगा, हात जोडून ओट्याकडे सरकले. दोघं तर खाली बसून त्रिशुळांना हात लावायला निघाले. इंदुकाकूंच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. खांद्यावरचा त्रिशूळ त्यांनी दोन्ही हातांनी छातीशी धरला होता. “माह्यासाठी बोलला,” त्या म्हणत होत्या. “माह्यासाठी.”

मला लखीराम आठवला. मला ओरडायचं होतं. तेरा जणांचे आवाज येणाऱ्या माझ्या गळ्यातून माझा स्वतःचा तेवढा निघाला नाही.

तेवढ्यात खडकाच्या कडेवरून देवसिंगमामा वर आले. अनवाणी. पंचा कमरेला. शेवटच्या पळसाच्या वर. एवढी चढण पळत येऊन त्यांची छाती भात्यासारखी हलत होती. एक क्षण ते थबकले, त्रिशुळांकडे बघत, आणि त्यांचा चेहरा बघून मला वाटलं, आता हे पुन्हा पळणार.

ते ओरडले. मामांना ओरडता येतं हे मला माहीतच नव्हतं.

“आयकलं का? बोलून राह्यला ना तो? मग काय म्हणते ते आयका! जा म्हणते! पया म्हणते!”

सगळे दचकले. “अहो, देवसिंग,” कुणीतरी म्हणायला लागलं.

“चौतीस वर्स झाले, आयकून राह्यलो मी! दुसरं काईच नाई म्हणत तो! माह्या लेकरायनो, जा म्हणते! हात नोका लावू, जा!”

देव बोलत नाही असं ते म्हणाले असते, तर कुणी हललं नसतं. पण देव जा म्हणतो म्हटल्यावर पाय सुटले. पहिले काका पळाले, ते वळून काकूंकडे परत आले, मग बाकीचे खडकांतून खाली. “झाडाखाली थांबू नोका! हात धरू नोका! दूर दूर चाला!” मामा मागून ओरडत होते.

इंदुकाकू हलल्या नाहीत.

“इंदू, चल!” काका त्यांचा दंड ओढत होते.

“कशी येऊ? रोवला नाई अजून. खाली ठेवता येत नाई.”

“मग फेक!”

“फेकू?” काकूंनी असं बघितलं, की काकांचा हात सुटला.

गुणगुण चढली. मामा काकूंच्या समोर येऊन उभे राहिले. आवाज एकदम खाली आणला, चौकीवरून फोन करतात तेवढा.

“ताई, ठेवता येत नाई. बराबर हाय. पण खांदा बदलता येते ना?”

काकूंनी त्यांच्याकडे बघितलं.

“मले द्या. मी घेतो. माहा खांदा.”

“रोवाल?”

“रोवतो. महादेवाची आन.”

काकूंनी तो त्रिशूळ त्यांच्या खांद्यावर दिला. जणू लेकरू दुसऱ्याच्या कडेवर देतात, मान सांभाळून. आणि मामांनी तो घेतला आणि पळाले, पण आमच्या बाजूला नाही. आम्ही वाटेनं खाली, आणि ते आडवे, घळीतून, जिकडे कुणीच माणूस नव्हतं तिकडे. तेव्हा मला वाटलं, घाबरून वाट चुकले. नंतर कळलं. ज्याच्या खांद्यावर लोखंड, त्यानं माणसांपासून लांब जायचं, एवढा हिशेब त्यांनी त्या एका दमात केला होता.

काकू त्या गुडघ्यावर कशा उतरल्या हे काकूंनाही माहीत नाही. मी त्यांच्यामागं बसून, घसरत, पानांवरून सरकत. पळसाच्या खाली एक खोलगट जागा आहे, तिथवर आलो आणि मामांनी कधीतरी सांगितलेलं मला आठवलं. माझा गळा सुटला, पण माझ्या आवाजात नाही, त्यांच्या. “कोंबडीवाणी बसा! पाय जोडून! वीस पावलं दूर दूर!” आणि सगळे बसले. चौदा माणसं, उघड्या रानात, उकिडवी, कानांवर हात, एकमेकांपासून लांब लांब, जशी कुणी रांगोळीचे ठिपके टाकावेत.

पहिली गार माझ्या समोरच्या दगडावर पडून फुटली. सुपारीएवढी. मग आभाळानं पोतंच उपडं केलं. पत्र्यावर खडी ओतावी तसा आवाज, पण सगळ्या डोंगरभर. पळसाची फुलं फाटून खाली येत होती, पांढऱ्यावर लाल. पाठीवर, बोटांवर, डोक्यावर मार. मी सॅक डोक्यावर धरली होती. आणि त्या माराच्या मधोमध सगळं जग पांढरं झालं, आणि आवाज असा झाला की तो कानाला कळलाच नाही, बरगड्यांना कळला. माथ्यावरून नाकात झोंबणारा, जळाल्यासारखा वास आला.

गारा वीस मिनिटं पडल्या असतील. थांबल्या तशा एकदम थांबल्या. मी डोकं वर केलं तर फाल्गुनातला डोंगर पांढरा होता. उघडे साग, काळे खडक, आणि त्यांच्यावर मिठागरासारखी पांढरी चादर, तिच्यातून वाफ निघतेय. ढग पुढं गेला होता आणि मागून ऊन आलं होतं. सगळा उतार लखलखत होता.  

मग काकूंनी मोजलं. सगळे होते. “देवसिंगभाऊ?” त्या म्हणाल्या.

 काका उठले, बोट वगैरे न करता, आणि गारांवरून घसरत, “देवसिंग! ए देवसिंग!” करत घळीकडे धावले. आम्ही मागं. तो आवाज मी कधीही काढून दाखवणार नाही.

मामा जाळरेषेवर सापडले. काळ्या पट्ट्याच्या मधोमध त्रिशूळ रोवलेला होता, ताठ, दोन दगडांची पाचर मारून. मामा त्याच्यापासून पन्नास पावलांवर उकिडवे बसले होते, डोक्यावर चौकीतलं घमेलं. घमेल्याला पोचे पडले होते. एका कानातून रक्त येत होतं. आम्हाला बघून त्यांनी घमेलं उतरवलं आणि आधी आम्हाला मोजलं. मोजताना त्यांचे ओठ हलत होते. चौदाला थांबले.

मग काकूंकडे बघून म्हणाले, “ताई, टेकवला नाई. सीधा रोवला.”

“पण माथ्यावर नाई रोवला,” काका हळूच म्हणाले.

“डोंगर कोणाचा हाय?” मामा म्हणाले. “वरलाच त्याचा, अन् खालचा काय वन विभागाचा?”

काकू हसल्या, आणि हसता हसता रडल्या. पिशवीतला नारळ काढला आणि तिथंच, राख आणि गारांच्या चिखलात बसून, फोडला. साडेतीन वाजता आम्ही सगळ्यांनी मामांच्या माठातलं पाणी प्यायलं.

दुसऱ्या दिवशी लोकांनी वर जाऊन पाहिलं. ओट्याचा एक कोपरा उडाला होता. पिंडीला काही नाही. आजूबाजूचे सात-आठ त्रिशूळ काळे ठिक्कर, आणि दोन एकमेकांना चिकटलेले. काकू जिथं उभ्या होत्या तिथला खडक फुटला होता.

लगेच काही सगळं बदललं नाही. काही गावांत म्हणाले, देवसिंगनं नवसाचा त्रिशूळ भलतीकडे रोवला, म्हणून कोप झाला. वीज आधी की त्रिशूळ आधी, यावर एसटी स्टँडवर वाद झाले. त्यातल्या दोन बाजू मी फार छान करते. पण इंदुकाकू भेटेल त्याला आपला गुडघा दाखवून सांगत राहिल्या, “खाली रोवला माहा. पावला.” यंदा महाशिवरात्रीनंतर मी चौकीवर गेले तर जाळरेषेवर काकूंच्या त्रिशुळाशेजारी आणखी पाच उभे होते.

आणि मागच्या रविवारी सकाळी सात वाजता, हवा उत्तरेची, आभाळ धुतल्यासारखं, मामा खाटेवरून उठले आणि म्हणाले, “आज येतो वर.”

 शेवटच्या पळसाशी ते थांबले. मग चढले.

लखीरामचा त्रिशूळ ओट्याच्या उजव्या हाताला आहे, हे मला माहीत नव्हतं. मधलं पातं वाकलेलं, गंजून लाल झालेला. मामांनी त्याच्यावर हात ठेवला. मी मनात मोजायला लागले आणि चाळीसनंतर सोडून दिलं. काका खाली बसून दगड मोकळे करायला लागले, आणि त्रिशूळ हलला, निघाला. मामा तो खांद्यावर घेणार, तेवढ्यात काकू पुढं झाल्या.

“खांदा बदलता येते ना, भाऊ? पयला माहा.”

तो आम्ही तसाच खाली आणला, खांद्याखांद्यावरून, कुठंही न टेकवता. माझ्याकडे आला तेव्हा मी कुणाचीच नक्कल न करता चालले. जाळरेषेवर मामांनी स्वतः तो रोवला.

एकला पाच कमी होते. त्यांच्या फोनची वेळ झाली होती.

“हालो. देवसिंग बोलतो, चौकीवरून. धूर नाई.” चार. “हवा उत्तरेची.” सहा झाले. सात, आठ, नऊ. ते चिंधीकडे बघत नव्हते. “लखीभिया खाली आला.”

पलीकडचा माणूस “कोण? कोण आला म्हणता?” करत राहिला.

“बस,” मामा म्हणाले.